बार्बाडोसला गेल्यावर फिरायचं कसं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

२९ जून २०२४ ला आपण टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलो आणि रोहितने बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानाच्या पिचवरची चिमूटभर माती तोंडात टाकली, तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या निदान दहा जणांनी तरी मला बार्बाडोसबद्दल विचारलंय. आम्ही दोनदा जाऊन आलो, पहिल्यांदा दोघंच आणि दुसऱ्यांदा आई-बाबांना घेऊन, आणि दोन्ही वेळा बराचसा प्रवास बसने केला. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. एक गोष्ट आधीच सांगते, सगळे दिवस गाडी भाड्याने घेऊ नका. दोन दिवस घ्या, बाकी बसने फिरा. का ते खाली येईलच.

बेट केवढं आहे? फिरायला किती दिवस लागतात?

लांबी साधारण ३४ किलोमीटर, रुंदी २३, एकूण ४३१ चौरस किलोमीटर. म्हणजे मुंबईपेक्षाही लहान, लोकसंख्या तीन लाखांच्या आत. नकाशावर बघितलं की वाटतं अर्ध्या दिवसात चक्कर मारून होईल, तसं होत नाही. रस्ते अरुंद, वळणं भरपूर आणि सकाळी सात ते नऊ, संध्याकाळी चार ते सहा राजधानी ब्रिजटाउनच्या आसपास गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. वीस किलोमीटरला एक तास धरा, मग चिडचिड होणार नाही. पाच-सहा दिवस असले तर निवांत बघून होतं.

दिशा लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, पश्चिम किनारा शांत समुद्र आणि महागडी हॉटेलं, दक्षिण किनारा वर्दळ, खाणंपिणं आणि परवडणारी राहायची जागा, पूर्व किनारा म्हणजे खवळलेला अटलांटिक, आणि मधे उसाचे फड. राहायला दक्षिण किनारा घ्या, म्हणजे हेस्टिंग्स, रॉकली, सेंट लॉरेन्स गॅप किंवा ऑइस्टिन्सच्या जवळ कुठेतरी. तिथे रस्त्यावर येऊन उभं राहिलं की पाच-दहा मिनिटांत काहीतरी मिळतंच.

तिथे बस कुठल्या कुठल्या असतात? फोटोत तीन रंगांच्या दिसतात.

बरोबर, तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा.

निळी बस, त्यावर पिवळा पट्टा, ही ट्रान्सपोर्ट बोर्डाची म्हणजे सरकारी. आपल्या एसटीसारखी समजा, बेटाच्या कानाकोपऱ्यात जाते, जिथे खासगीवाल्यांना परवडत नाही तिथेही जाते. २०२० पासून यांच्याकडे इलेक्ट्रिक बस आल्यात, आवाज नाही, धूर नाही, छान वाटतं.

पिवळी मिनीबस, निळा पट्टा. खासगी. गर्दीच्या रूटवर जास्त.

पांढरी व्हॅन, मरून पट्टा, नंबरप्लेट झेडआरने सुरू होते म्हणून तिला सगळे झेडआरच म्हणतात. ही आपली सहा आसनी किंवा वडापची सख्खी बहीण. वेग जोरात, गाणी त्याहून जोरात, आणि "आणखी एक बसेल" हे त्यांचं ब्रीदवाक्य. दारापाशी कंडक्टर असतो, तो खिडकीतून हात बाहेर काढून फुटपाथवरच्या माणसाला विचारत असतो की येणार का, आणि ड्रायव्हर छोटे छोटे हॉर्न मारत असतो. मधल्या वाटेत घडीची सीट असते, मागचा उतरायला लागला की घडीच्या सीटवरचे सगळे एकेक करून उठतात, सीट दुमडतात, तो बाहेर पडतो, की सगळे परत बसतात, आणि हे सगळं कुणी एक शब्द न बोलता दहा सेकंदांत होतं. पहिल्यांदा मी गोंधळून बसूनच राहिले तर शेजारच्या आजींनी माझ्या गुडघ्यावर हलकेच थाप मारून उठवलं आणि हसल्या.

भाडं किती?

३.५० बार्बाडोस डॉलर, कुठूनही कुठेही. दोन स्टॉप जा नाहीतर बेटाच्या दुसऱ्या टोकाला जा, तेवढेच. तिन्ही प्रकारच्या बसला सारखंच. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर १९७५ पासून बांधलेलाच आहे, त्यामुळे हिशोब सोपा, अमेरिकन पावणेदोन डॉलर झाले.

निळ्या बसमध्ये मात्र सुटे नेमके हवेत आणि तिथलेच पैसे हवेत, ड्रायव्हर मोड देत बसत नाही. झेडआर आणि पिवळ्या बसमध्ये मोड मिळते. पहिल्या दिवशी एखाद्या सुपरमार्केटमधून पाण्याची बाटली वगैरे घेऊन सुटे करून ठेवा, आणि पैसे एका वेगळ्या छोट्या पाकिटात. आई तर सकाळी निघतानाच चार जणांचे चौदा डॉलर मोजून रुमालात बांधून ठेवायची.

स्टॉपवर "टू सिटी" आणि "आउट ऑफ सिटी" असं लिहिलेलं असतं ते काय?

हे कळलं की अर्धं काम झालं. सिटी म्हणजे ब्रिजटाउन. रस्त्याच्या एका बाजूच्या पाटीवर "टू सिटी", म्हणजे इथून बस ब्रिजटाउनकडे जाणार, समोरच्या बाजूला "आउट ऑफ सिटी", म्हणजे ब्रिजटाउनपासून लांब. बाकी काही लिहिलेलं नसतं, कुठली बस किती वाजता वगैरे काहीही नाही. म्हणून आपल्याला जायचंय ते ठिकाण ब्रिजटाउनच्या दिशेला की उलट, एवढं डोक्यात ठेवून निघायचं.

आणि बस दिसली की हात दाखवायचा, ठळकपणे. नुसतं स्टॉपवर उभं राहिलात तर निळी बस सरळ निघून जाते, तिची काही चूक नाही, तुम्ही हात केला नाही. उतरायच्या वेळी निळ्या बसमध्ये बेल दाबा, झेडआरमध्ये कंडक्टरला आधीच सांगून ठेवा की मला अमुक ठिकाणी उतरव, ते लक्षात ठेवतात.

झेडआरने जाणं सुरक्षित आहे का? बायका-मुलांना घेऊन?

हो. आम्ही दिवसा आणि रात्री नऊपर्यंत बिनधास्त गेलो. वेगाची भीती वाटते हे खरं आहे, बाबांना एका वळणावर चांगलाच घाम फुटला होता, त्यानंतर त्यांना आम्ही निळ्या बसनेच नेलं. पण माणसांची भीती वाटावी असं काही नाही. ऑफिसला जाणाऱ्या बाया, युनिफॉर्ममधली शाळेची पोरं, मासे घेऊन घरी निघालेले लोक, हेच तुमचे सहप्रवासी. दक्षिण किनाऱ्यावर ११ नंबरची झेडआर ब्रिजटाउन ते सिल्व्हर सँड्स अशी धावते, पर्यटकाला बहुतेक वेळा हीच लागते.

एक मात्र करा. बसमध्ये चढताना "गुड मॉर्निंग" म्हणा, दुपारनंतर "गुड आफ्टरनून". ड्रायव्हरला, बसलेल्यांना, सगळ्यांना मिळून एकदा. तिथे ही साधी रीत आहे, दुकानात शिरतानाही तसंच, आधी नमस्कार-चमत्कार आणि मग काय हवं ते विचारायचं. आपण थेट "ही बस अमुक ठिकाणी जाते का" असं सुरू करतो ते त्यांना उद्धट वाटतं. एकदा गुड मॉर्निंग म्हणालात की मग अख्खी बस तुम्हाला रस्ता सांगायला पुढे येते. आणि पोहायच्या कपड्यांवर बसमध्ये किंवा दुकानात जाऊ नका, वरून काहीतरी घाला.

ब्रिजटाउनमध्ये बस कुठून पकडायची?

सगळ्यांची एकच जागा नाही, इथेच गडबड होते. ढोबळ मानाने, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे जाणाऱ्या निळ्या बस फेअरचाइल्ड स्ट्रीटवरच्या टर्मिनलवरून, आणि पश्चिम किनाऱ्याने वर होलटाउन, स्पाइट्सटाउनकडे जाणाऱ्या प्रिन्सेस अॅलिस हायवेवरच्या टर्मिनलवरून. दक्षिणेच्या झेडआर कॉन्स्टिट्यूशन नदीपाशी असलेल्या स्टँडवरून सुटतात. या जागांमधलं अंतर पायी दहा-पंधरा मिनिटांचं आहे, उन्हात जास्त वाटतं. तिथे कुणालाही विचारा, अगदी नीट सांगतात, बरेचदा सोबत कोपऱ्यापर्यंत येतात.

एअरपोर्टवरून हॉटेलला बसने जाता येईल का?

जाता येतं. ग्रँटली अॅडम्स एअरपोर्ट दक्षिणेला ख्राइस्ट चर्च नावाच्या भागात आहे आणि बाहेरच्या मुख्य रस्त्यावर बसस्टॉप आहे, ब्रिजटाउनकडे जाणाऱ्या बस ऑइस्टिन्स आणि दक्षिण किनाऱ्यावरून जातात. एकच पाठीवरची सॅक असेल तर जरूर बसने जा. दोन मोठ्या बॅगा, झोपेत असलेलं मूल आणि न्यूयॉर्क किंवा लंडनहून आलेला शिणवटा असेल तर टॅक्सी करा. पैसे वाचवायला अख्खे पुढचे दिवस पडलेत.

टॅक्सीला मीटर असतो का? उबर?

मीटर नाही. सरकारने ठरवलेले दर असतात, एअरपोर्टवर तक्ता असतो, तो आधी वाचा, मग बसा. टॅक्सीची नंबरप्लेट झेड अक्षराने सुरू होते. उबर-ओलाची सवय असेल तर ती इथे सोडा, स्टँडवरून किंवा हॉटेलमधून फोन करून बोलवायची पद्धत आहे.

आता महत्त्वाचं. बसण्याआधी भाडं विचारा आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा, कुठले डॉलर? तिथे दोन्ही डॉलर चालतात आणि बोलताना लोक नुसतं "डॉलर" म्हणतात. पहिल्या फेरीत आम्ही एका संध्याकाळी चाळीस डॉलर ठरवून बसलो, आम्ही धरले तिथले आणि उतरताना ड्रायव्हर म्हणाला अमेरिकन, म्हणजे सरळ दुप्पट. तो फसवत होता की खरंच गैरसमज होता हे आजही मला सांगता येणार नाही, पण भर रस्त्यात वाद घालायची इच्छा नव्हती, दिले. त्यानंतर "बार्बाडोस डॉलर ना?" हे वाक्य तोंडात बसलं आणि परत कधी अडचण आली नाही.

गाडी भाड्याने घ्यायची तर आपलं लायसन्स चालतं का?

तुमचं मूळ लायसन्स सोबत ठेवा, त्यावर तिथलं व्हिजिटर परमिट काढावं लागतं, ते गाडी देणारी कंपनीच काढून देते, थोडी फी असते. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट एच ने सुरू होते, त्यामुळे सगळ्यांना दुरूनच कळतं की पाहुणा चालवतोय आणि ते जरा सांभाळून घेतात. खासगी गाड्यांचं पहिलं अक्षर कुठल्या पॅरिशचं ते सांगतं (बेटावर अकरा पॅरिश आहेत, आपल्या तालुक्यांसारख्या), एक्स म्हणजे ख्राइस्ट चर्च, एम म्हणजे सेंट मायकल. आपण एमएच १२ बघून "पुण्याचा दिसतोय" म्हणतो तसंच तिथेही चालतं.

तिथे गाडी चालवणं अवघड आहे का?

महाराष्ट्रातून थेट जाणाऱ्याला सोपं, कारण गाडी डाव्या बाजूनेच चालवायची आणि स्टिअरिंग उजवीकडे. न्यू जर्सी, डॅलसवाल्यांना पहिला तास जड जातो, विशेषतः राउंडअबाउटला, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. एबीसी हायवे म्हणून एकच मोठा रस्ता आहे, त्यावर ताशी ८०, बाकी बहुतेक ठिकाणी ६० आणि गावात त्याहून कमी. त्या हायवेवरच्या राउंडअबाउटना मोठ्या माणसांची नावं दिलीत, त्यात वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे बार्बाडोसचे जुने क्रिकेटपटू, म्हणजे तिघे डब्ल्यूपण आहेत, "वीक्सला डावीकडे वळ" असं म्हणताना क्रिकेटवेड्या माणसाला जे वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही, बाबा तर प्रत्येक पाटीला हात जोडत होते.

आपल्या लोकांना एक सवय मुद्दाम मोडावी लागते. आपल्याकडे समोरच्याने अप्पर-डिप्पर मारला की त्याचा अर्थ "मी येतोय, तू थांब". बार्बाडोसमध्ये बरोबर उलटं. तिथे लाइट मारला म्हणजे "तू जा, मी थांबलोय". आणि तुम्ही गेलात की हॉर्न एकदा हळूच वाजवायचा, म्हणजे थँक्यू. हे माहीत नसल्यामुळे पहिल्या दिवशी एका अरुंद रस्त्यावर समोरचा माणूस लाइट मारत थांबला आणि आम्हीही थांबलो, दोघंही एकमेकांची वाट बघतोय, मागे चार गाड्या. शेवटी त्याने काच खाली करून हाताने बोलावलं.

आतल्या भागात, म्हणजे सेंट जॉर्ज, सेंट जॉन वगैरेकडे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस असतो आणि तो वाढलेला असला की वळणावर पुढचं काहीही दिसत नाही. हळू जा आणि वळणाआधी हॉर्न द्या. खड्डे आहेत, कडेला पाणी वाहून जायला खोल चर असतात, त्यात चाक गेलं की टायर गेलाच, आमचा गेला. मोबाइलचा नकाशा कधी कधी जवळचा रस्ता म्हणून उसातल्या बैलगाडीवाटेने नेतो, डांबर संपलं की तिथूनच मागे फिरा.

मग गाडी नेमकी कुठल्या दोन दिवसांसाठी घ्यायची?

एक दिवस उत्तरेला आणि एक दिवस मधल्या भागात. उत्तरेचं टोक, सेंट लूसीमधली अॅनिमल फ्लॉवर केव्ह, तिथे कड्यावर उभं राहून खाली समुद्र आपटताना बघायचा. मग चेरी ट्री हिल, दोन्ही बाजूंना महोगनीची झाडं आणि चढ संपला की अख्खा पूर्व किनारा एकदम समोर. शेजारीच सेंट निकोलस अॅबी, तिथे छोटी हेरिटेज रेल्वे आहे, मुलं खूश होतात. तिथून खाली उतरून एर्मी बोर्न हायवेने समुद्राच्या कडेकडेने बाथशीबा गावापर्यंत या. हा रस्ता म्हणजे मला बेटावरचा सगळ्यात आवडलेला, एका बाजूला हिरव्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला पांढरा फेस, आणि गाड्या जवळपास नाहीतच.

दुसऱ्या दिवशी हॅरिसन्स केव्ह आणि हंट्स गार्डन्स. गुहेत ट्रामने नेतात, चालायला लागत नाही.

सेंट अँड्र्यू, सेंट जोसेफकडे रस्ता मधेच खचलेला दिसला तर घाबरू नका. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळाच्या चुनखडीचा आहे, पण पूर्वेच्या या पट्ट्यात ते कवच झिजून गेलंय आणि खालची चिकणमाती उघडी पडलीय, पावसात ती सरकते आणि रस्ता घेऊन जाते. आपल्या घाटात दरड वरून येते, इथे पायाखालचाच रस्ता सरकतो. या भागाला स्कॉटलंड डिस्ट्रिक्ट म्हणतात. "रोड क्लोज्ड" पाटी असेल तर ती ऐका.

बाथशीबाला बसने जाता येतं का?

येतं आणि जावंच. ६ नंबरची निळी बस, फेअरचाइल्ड स्ट्रीटवरून, तासाभराच्या आत-बाहेर. भाडं तेच ३.५०. डाव्या खिडकीची, उजव्या खिडकीची काळजी करू नका, कुठेही बसा. ब्रिजटाउनची गर्दी सुटली की घरं विरळ होतात, ऊस सुरू होतो, बस चढत चढत जाते, प्रत्येक स्टॉपवर कुणीतरी चढतं आणि सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणतं, बसही उत्तर देते. मग शेवटी एका वळणावर जमीन एकदम खाली पडते आणि खाली सगळा अटलांटिक. बसमधले तिथले लोक मोबाइलमधून मान वर करत नाहीत, त्यांचं रोजचंच आहे, पण माझ्या आईने "अगं बाई" असं मोठ्याने म्हटलं आणि पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून तिला विचारलं, पहिल्यांदाच ना? दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती म्हणायला हरकत नाही, पण उतरेपर्यंत गप्पा चालल्या होत्या. हे भाड्याच्या गाडीत होत नाही, म्हणून म्हणते बसने जा.

बाथशीबाला मोठाले खडक समुद्रात उभे आहेत, सूप बोल नावाची लाट सर्फिंगवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. पोहू नका. खालून ओढ जबरदस्त असते. ओहोटीला खडकांमध्ये पाण्याची डबकी तयार होतात, त्यात बसा, तेवढं पुरतं.

परतीची बस मात्र उतरल्या उतरल्या ड्रायव्हरला विचारून घ्या. तिथे बस ठरावीक अंतराने असते आणि संध्याकाळी कमी होते. बेट १३ अंश अक्षांशावर आहे, साधारण चेन्नईच्या रेषेत, त्यामुळे सूर्यास्त साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान आणि अंधार झपकन पडतो. चारच्या आसपास निघालेलं बरं.

समुद्रकिनाऱ्यांवर हॉटेलवाले अडवतात का?

नाही. सगळे बीच सार्वजनिक आहेत. पश्चिमेला हॉटेलांच्या भिंती लागूनच असतात पण मधे मधे बोळ असतात, "पब्लिक अॅक्सेस" अशी पाटी बघा आणि आत शिरा. स्पाइट्सटाउनच्या बसने कुठेही उतरा आणि अशा बोळातून समुद्रावर जा.

एक धोका लक्षात ठेवा. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, अत्यंत विषारी. खोडावर बऱ्याचदा लाल पट्टा रंगवलेला असतो. फळाला हात लावायचा नाही आणि पावसात त्या झाडाखाली उभं राहायचं नाही, पानांवरून पडणाऱ्या पाण्यानेही कातडी भाजते. मुलांना पहिल्याच दिवशी झाड दाखवून ठेवा.

आई-बाबा साठी-सत्तरीचे आहेत, त्यांना झेपेल का?

झेपेल, थोडं आखून करा. इलेक्ट्रिक निळ्या बस चढायला सोप्या आहेत, झेडआरमध्ये वाकून शिरावं लागतं ते गुडघ्यांना त्रासाचं. सकाळी नऊनंतर निघा म्हणजे गर्दी ओसरलेली असते. फुटपाथ सगळीकडे नाहीत, अरुंद रस्त्याने चालत जायची वेळ त्यांच्यावर आणू नका. चालायला सगळ्यात छान म्हणजे दक्षिण किनाऱ्यावरचा रिचर्ड हेन्स बोर्डवॉक, हेस्टिंग्सपासून रॉकलीच्या अॅक्रा बीचपर्यंत, सपाट, बाकडी आहेत आणि समुद्र हाताच्या अंतरावर. आमचे बाबा रोज सकाळी सहाला तिथे एकटे जायचे आणि तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्या चार ओळखी झाल्या होत्या. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, चुनखडीतून गाळून येतं, बाटली भरून घेऊन निघा.

क्रूझने एकच दिवस येतोय, काय करावं?

बंदरातून ब्रिजटाउनचा मध्य पायी वीसेक मिनिटं. पुलावरून पलीकडे गेलात की कार्लाइल बेचा बीच लागतो, तिथेच पोहा. जुनं ब्रिजटाउन आणि गॅरिसन हा भाग २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तेही चालत बघून होतं. घाईघाईत बेटाची टूर करण्यापेक्षा हे मला जास्त पटतं.

केन्सिंग्टन ओव्हलला कसं जायचं?

बंदर आणि गावाच्या मधेच आहे, दोन्हीकडून चालत. बाहेर सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे. १९६२ साली याच मैदानावर आपले तेव्हाचे कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला होता आणि त्यांच्यासाठी वेस्ट इंडिजचे कप्तान फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिलं होतं. बाबांच्या पिढीला ते ठाऊक असतं, आपल्याला सूर्याने सीमारेषेवर घेतलेला तो झेल ठाऊक असतो. मॅच असेल त्या दिवशी गाडी अजिबात नेऊ नका.

प्रवासात शाकाहारी काय मिळतं?

रोटी. बटाटा-चण्याची भाजी भरून गुंडाळलेली, जवळजवळ सगळीकडे. मॅकरोनी पाय विचारून घ्या. आणि नीरफणस! कोकणातल्या लोकांना घरी आल्यासारखं वाटेल, तिथे भाजून, उकडून, तळून सगळं करतात. ब्रिजटाउनच्या स्वॉन स्ट्रीटवर भारतीय वंशाच्या लोकांची, बरेचसे मूळचे सुरतकडचे, कापडाची आणि इतर दुकानं आहेत, तिथे गेल्यावर गुजरातीत दोन शब्द ऐकू येतात.

शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला फिश फ्राय असतो, मासे खाणाऱ्यांनी चुकवू नये, आणि तिथे बसनेच जा कारण पार्किंग मिळत नाही.

कधी जावं? वादळाचं काय?

डिसेंबर ते एप्रिल कोरडे महिने, महाग. वादळाचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. बेट बरंच पूर्वेला असल्यामुळे बरीच वादळं बाजूने निघून जातात, पण भरवसा नाही. २०२४ मध्ये फायनलनंतर बेरिल आलं, एअरपोर्ट बंद झाला आणि आपली अख्खी टीम कप घेऊन हॉटेलात अडकली, ३ जुलैला खास विमान गेलं तेव्हा निघाले. त्यांच्यासाठी विमान येतं, आपल्यासाठी येत नाही, म्हणून या महिन्यांत जात असाल तर तिकीट बदलता येणारं घ्या आणि हातात दोन दिवस जास्तीचे ठेवा. ज्यांच्याकडून आम्ही बोटी ठरवल्या होत्या त्या मच्छिमारांच्या होड्या त्या वादळात फुटल्या, ते ऐकून फार वाईट वाटलं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी कडूमेंट डे असतो, क्रॉप ओव्हर उत्सवाचा शेवट. मुळात ऊसतोडणी संपल्याचा सण. बघण्यासारखा आहे पण त्या दिवशी रस्ते बंद, त्याच दिवशीचं विमान घेऊ नका.

कपड्यांचा काही नियम आहे म्हणे?

हो, लष्करी ठिपक्यांचे म्हणजे कॅमोफ्लाजचे कपडे घालणं तिथे कायद्याने गुन्हा आहे, लहान मुलांनासुद्धा. बॅगेतून आधीच काढून ठेवा, टोपी आणि सॅकही बघा.

व्हिसा?

भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण तुम्ही अमेरिकेतून विमान बदलून जाणार असाल तर अमेरिकेचा व्हिसा लागतोच, नुसतं एअरपोर्टवर बसून राहायचं असलं तरी. खरा अडथळा तोच आहे. तिकीट काढण्याआधी एकदा तपासा.

तिथून बोटीने दुसऱ्या बेटावर जाता येतं का?

नियमित प्रवासी बोट नाही. विमानानेच जावं लागतं.

रविवारी बस असतात का?

असतात पण कमी, आणि झेडआर तर निम्म्याने कमी दिसतात. दुकानंही बरीच बंद. म्हणून रविवार लांबच्या फेरीला ठेवू नका. त्याऐवजी पहाटे उठा, बार्बाडोस नॅशनल ट्रस्टची रविवारची पायी भटकंती असते, सकाळी सहाला निघतात, दर वेळी वेगळी वाट, तिथले लोकच जास्त असतात. १८८१ ते १९३७ बेटावर रेल्वे होती, ब्रिजटाउनपासून पूर्व किनाऱ्यावरच्या बेलेप्लेनपर्यंत, रूळ कधीच गेले पण बाथ ते बाथशीबा ही वाट त्या जुन्या मार्गावरून अजून चालता येते. आम्ही ती चाललो. डाव्या हाताला चढ, उजव्या हाताला समुद्र, आणि एका ठिकाणी जुन्या पुलाचे नुसते खांब उभे. सोबत चालणाऱ्या एका आजोबांनी थांबून सांगितलं की त्यांच्या आजी या गाडीने ब्रिजटाउनला बाजाराला जायच्या. बूट चांगले घाला, पाऊस पडून गेला असेल तर चिखलात पाय रुततात.